लाकडी डेकची देखभाल आणि कॉन्ट्रॅक्टरची निवड: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

डेकवाल्या घरात, म्हणजे घराला लागून बाहेर लाकडी फळ्यांचा ओटा असलेल्या घरात, नवीनच राहायला आला असाल, फळ्या करड्या पडल्यात, मधलीच एखादी पाय ठेवला की कुरकुरतेय आणि तुम्ही रंगाचा डबा आणायला निघाला असाल तर जरा थांबा. मी नेमकं तेच केलं होतं. घर ताब्यात आल्यावर पहिल्याच महिन्यात एका कॉन्ट्रॅक्टरला बोलावलं, त्याने वरून एक चक्कर मारली, दोन दिवसांत धुऊन रंग लावून दिला, डेक नव्यासारखा दिसायला लागला आणि आम्ही खूश. एक पावसाळी हंगाम गेला आणि रंगाचे पोपडे निघायला लागले. ते एक वेळ चाललं असतं, पण मग दुसऱ्या एका सुताराला दाखवलं तर तो काही न बोलता टॉर्च घेऊन डेकच्या खाली गेला, घराच्या भिंतीला लागून जे आडवं लाकूड असतं त्यात त्याने स्क्रूड्रायव्हर टोचला आणि तो बोटभर आत गेला. ज्या लाकडावर अर्धा डेक टेकलेला होता ते आतून पार भुसभुशीत झालेलं, आणि आदल्याच आठवड्यात आमच्याकडे त्या डेकवर वीसेक माणसं उभी होती. आठवलं की अजूनही पोटात गोळा येतो.

म्हणून हा लेख मी उलट्या क्रमाने लिहितोय असं वाटेल. आधी खालून बघायचं, मग वरून, मग काय काय काम आहे ते कागदावर लिहायचं, आणि त्यानंतरच माणूस बोलवायचा. रंग सगळ्यात शेवटी.

आधी भागांची नावं

नावं माहीत असली की समोरचा माणूस काय बोलतोय ते कळतं, एवढ्यासाठीच हे. ज्यावर आपण चालतो त्या फळ्या म्हणजे डेकिंग बोर्ड. त्यांच्या खाली ठराविक अंतरावर आडवे वासे असतात ते जॉइस्ट. जॉइस्टचं एक टोक घराच्या भिंतीला बसवलेल्या लांब लाकडावर टेकतं, ते लेजर बोर्ड, दुसऱ्या बाजूला ते जाड बीमवर टेकतात, बीम पोस्टवर म्हणजे खांबांवर आणि खांब काँक्रीटच्या फुटिंगवर म्हणजे पायावर. जॉइस्टचं टोक धरून ठेवणारी लोखंडी खोबणी असते तिला जॉइस्ट हँगर म्हणतात. लेजर आणि भिंत यांच्यामधून पाणी आत जाऊ नये म्हणून वरून वळवलेली पत्र्याची किंवा प्लास्टिकची पट्टी म्हणजे फ्लॅशिंग. ही फ्लॅशिंग लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

पायरी १: खाली जा

जुने कपडे घाला, टॉर्च, एक टोकदार स्क्रूड्रायव्हर आणि मोबाइल घ्या. दिवसाउजेडी जा, आणि पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी गेलात तर सगळ्यात बरं, कारण कुठे अजून ओल आहे ते तेव्हा स्वच्छ दिसतं. आपल्याकडे म्हणतात ना कुठेतरी पाणी मुरतंय, डेकच्या बाबतीत ते अक्षरशः खरं आहे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते, लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिला तर ती वाढत नाही, त्यामुळे डेकची सगळी निगा म्हणजे शेवटी एकच प्रश्न, पाणी कुठे थांबतंय आणि वाळायला वाव आहे का.

सुरुवात लेजरपासून करा. डेक कोसळण्याच्या घटनांमध्ये भिंतीपासून लेजर सुटणं हे सगळ्यात जास्त दिसणारं कारण आहे आणि त्यामागे बहुतेक वेळा दोन गोष्टी असतात, एक तर तो नुसत्या खिळ्यांवर मारलेला असतो किंवा फ्लॅशिंग नसल्यामुळे मागे पाणी मुरून लाकूड कुजलेलं असतं. खिळा वरून खाली येणारं वजन थोडंफार पेलतो पण बाहेरच्या दिशेने ओढ आली की सटकन निघतो. म्हणून लेजरला आरपार बोल्ट किंवा त्याच कामासाठी बनवलेले जाड स्ट्रक्चरल स्क्रू हवेत, तेही एका सरळ रेषेत नाही तर एक वर एक खाली असे. तुमच्या लेजरवर बोल्टची डोकी आणि वॉशर दिसतायत का बघा. नुसती खिळ्यांची डोकी दिसली तर डेकवर माणसं जमवणं तिथेच थांबवा आणि आधी ते काम करून घ्या. भिंत आणि लेजर यांच्यात फट पडलीय का, भिंतीवर पाण्याचे ओघळ आहेत का, तेही बघा, आणि घराच्या आतून त्याच जागी भिंतीला ओल आली आहे का ते सुद्धा.

मग स्क्रूड्रायव्हरने टोचत जा. चांगलं लाकूड टोक आत घेत नाही, जेमतेम ओरखडा उठतो. टोक जोर न लावता अर्धा सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त आत गेलं, किंवा कपची उचकटली आणि ती लांब धाग्यासारखी न निघता मधेच कट्कन तुटली, तर तिथे कूज सुरू झालीय. टोचायच्या जागा म्हणजे लेजर, जॉइस्टची टोकं, जॉइस्टच्या वरच्या कडा जिथे स्क्रू घुसलेत, आणि खांब जिथे जमिनीला किंवा काँक्रीटला टेकतो ती जागा. खांब मातीत पुरलेला असेल तर माती थोडी उकरून बघा, कारण मातीच्या पातळीच्या जरा खालीवर ओल आणि हवा दोन्ही मिळते आणि नेमका तिथेच तो कुजतो, वरून मात्र ठणठणीत दिसतो.

हँगरकडे बघताना दोन गोष्टी. गंज किती आहे, आणि सगळ्या भोकांत खिळे आहेत का. घाईत काम करणारे निम्मी भोकं रिकामी ठेवतात, किंवा घरातल्या पॅनेलला वापरतात ते बारीक काळे स्क्रू मारतात, ते ठिसूळ असतात, वजन आलं की वाकायच्या ऐवजी तुटतात. हँगरला त्याच्याच मापाचे जाड खिळे किंवा हँगरसाठीचे स्क्रू लागतात.

गंजाचं आणखी एक कारण सांगून ठेवतो कारण ते फार कमी लोक सांगतात. प्रेशर ट्रीटेड लाकडात, म्हणजे दाबाखाली औषध मुरवलेल्या लाकडात, हल्ली तांब्याचं प्रमाण जास्त असतं आणि ते साध्या लोखंडाला पटापट खातं. त्यामुळे अशा लाकडात खिळे, स्क्रू, हँगर सगळं हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं) किंवा स्टेनलेस स्टीलचंच हवं, समुद्राजवळ असाल तर स्टेनलेसच. आणि तिथे उघड्या अ‍ॅल्युमिनियमची फ्लॅशिंग लाकडाला थेट चिकटवून लावायची नाही, ती पोखरली जाते. डेक बराच जुना असेल तर अजून एक काळजी, पूर्वी ट्रीटेड लाकडात आर्सेनिक असायचं, सीसीए म्हणतात त्याला, अमेरिका आणि कॅनडात घरगुती कामासाठी ते २००३ च्या अखेरीला बंद झालं. असं लाकूड कापताना घासताना मास्क पाहिजेच, आणि कुठलंही ट्रीटेड लाकूड शेकोटीत अजिबात जाळायचं नाही, राखेत आणि धुरात ते विष येतं.

वाळवी बघायची राहिली. खांबावर किंवा पायावर मातीच्या पेन्सिलएवढ्या जाड नळ्या चढलेल्या दिसल्या तर ती वाळवीची वाट असते. कीटकनाशकवाल्याला आधी, सुताराला नंतर.

प्रत्येक गोष्टीचा फोटो काढा. एक लांबून, एक जवळून. हे फोटो पुढे कॉन्ट्रॅक्टरशी बोलताना फार कामाला येतात.

पायरी २: आता वर या

रेलिंगला धरून जोरात हलवा. लाजू नका, अख्खं अंग टाकून ढकला, कारण पार्टीत पाच जण एकदम तिथेच टेकणार आहेत. हलत असेल तर खांब मुळाशी कसा बसवलाय ते बघा, नुसत्या खिळ्यांवर असेल तर आरपार बोल्ट मारून घ्यावे लागतील. दोन उभ्या गजांमधली फट १०० मिलीमीटर म्हणजे साधारण ४ इंचांपेक्षा जास्त नको, बऱ्याच देशांच्या नियमांत हेच माप आहे आणि त्याचं कारण लहान मुलाचं डोकं. घरात लहान मूल असो नसो, पाहुण्यांचं येतंच.

पायऱ्या तपासा, सगळ्यांची उंची सारखी आहे का, कुठली डगमगतेय का. मग फळ्या. लांबीच्या दिशेने बारीक चिरा पडणं हे लाकडाचं वयच आहे, त्याला घाबरायचं नाही. पण बोटाने दाबल्यावर मऊ लागणारी, मध्ये झोळ आलेली किंवा टोकाशी काळी पडून भुसा सुटलेली फळी बदलायची. टोकं का आधी जातात तर लाकडाच्या नळ्या तिथे उघड्या असतात, स्ट्रॉसारखं पाणी ओढतात. वर आलेले खिळे परत ठोकत बसू नका, त्याच भोकात ते परत वर येतील. खिळा काढा आणि थोडा लांब डेक स्क्रू मारा.

फळ्यांमधल्या फटी मोकळ्या असायला हव्यात, ३ ते ६ मिलीमीटर. पानं, माती, पाळीव प्राण्यांचे केस, सगळं त्यात अडकतं आणि ओला गोळा होऊन जॉइस्टच्या डोक्यावर बसतो. पातळ पट्टी किंवा जुनी सुरी घेऊन ते काढायला एक सकाळ जाते, पण सगळ्या देखभालीतलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी काम कुठलं विचाराल तर मी हेच सांगेन.

याच फेरीत छताची पन्हळ कुठे गळतेय, ती डेकवर तर सांडत नाही ना, कुंड्या थेट फळीवर ठेवल्यात का तेही बघा. कुंडीखाली दोन बोटं उंचीचे पाय ठेवायचे आणि जागा बदलत राहायची, रबर बॅकिंगवाला गालिचा पसरला असेल तर तो उचला, खाली काळं चौकोन झालेलं सापडेल. डेकखाली सामान ठासून भरलं असेल तर तेही हलवा, खालून वारा खेळला पाहिजे.

पायरी ३: धुणं

प्रेशर वॉशर, म्हणजे जोरात पाण्याची धार मारणारं यंत्र, भाड्याने आणायचा मोह सगळ्यांना होतो. वापरा, पण जपून. पाइन, सीडरसारख्या मऊ लाकडाला ५०० ते ६०० पीएसआय (पाण्याच्या दाबाचं माप) पुरे, कठीण लाकडाला १२०० ते १५०० पर्यंत चालतं, टोकाला पंख्यासारखी पसरट धार देणारं ४० अंशाचं किंवा त्याहून रुंद नोझल, आणि फळीपासून फूटभर लांब धरून लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच फिरवायचं. एका जागी थांबलात की लाकूड खणलं जातं, वर तंतू उभे राहतात आणि मग अनवाणी चालणाऱ्याच्या पायात कुसळं. हात बसलेला नसेल तर साधा पाइप, बादली आणि लांब दांड्याचा नायलॉनचा ब्रश, अर्धा दिवस जास्त जाईल पण डेक शाबूत राहील. तारेचा ब्रश नको, त्याचे कण लाकडात राहतात आणि गंजून काळे ठिपके पडतात.

क्लीनर निवडताना ऑक्सिजन ब्लीचवाला घ्या, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, पावडर असते ती पाण्यात मिसळायची. शेवाळ, बुरशी, करडा थर सगळं उचलतो आणि झाडांना तेवढा त्रास देत नाही. क्लोरीनचं ब्लीच बुरशी मारतं खरं पण लाकडातला लिग्निन, म्हणजे तंतू धरून ठेवणारा जो डिंकासारखा भाग, तो खराब करतं, आणि स्क्रूही गंजवतं. लावायच्या आधी आजूबाजूची झाडं पाण्याने भिजवून घ्या, क्लीनर १० ते १५ मिनिटं ठेवा, वाळू देऊ नका, घासा, भरपूर पाण्याने धुवा. खिळ्यांभोवती निळेकाळे डाग असतील तर नंतर ऑक्झॅलिक अ‍ॅसिडवालं ब्राइटनर लावायचं, ग्लोव्ह्ज आणि चष्मा घालून. आणि हे फार महत्त्वाचं, क्लोरीन ब्लीच कुठल्याही अ‍ॅसिडमध्ये किंवा अमोनियावाल्या क्लीनरमध्ये मिसळू नका, आधीचं पूर्ण धुतलं नसेल तर दुसरं लावू नका, विषारी वायू तयार होतो.

पायरी ४: वाळू द्या, आणि मग रंग

इथेच माझ्या पहिल्या कॉन्ट्रॅक्टरने माती खाल्ली होती. सकाळी धुतलं आणि दुसऱ्या दिवशी रंग. लाकूड वरून कोरडं दिसतं पण आत पाणी असतं, ते ऊन पडलं की बाहेर यायला बघतं आणि रंगाचा थर उचलून टाकतं. धुतल्यावर निदान दोन-तीन कोरडे दिवस पाहिजेत, दमट हवा असेल तर जास्त. मॉइश्चर मीटर मिळाला तर फारच छान, १५ टक्क्यांच्या खाली आकडा आला की लावायला हरकत नाही. मीटर नसेल तर फळीवर पाण्याचे थेंब टाका. दोनचार मिनिटांत मुरले तर लाकूड स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, प्यायला तयार आहे, मोत्यासारखे तसेच बसून राहिले तर एकतर ओल आहे किंवा जुना थर अजून शिल्लक आहे. नवीन ट्रीटेड लाकूड तर दुकानातून येतानाच ओलं असतं, त्याला कधी काही आठवडे तर कधी काही महिने लागतात, तिथेही हीच थेंबांची परीक्षा.

जिथे तंतू उभे राहिलेत तिथे ६० ते ८० नंबरचा पॉलिश पेपर फिरवा. त्याहून बारीक नको, फर्निचरसारखं गुळगुळीत केलं तर स्टेन आत जात नाही.

रंग की स्टेन? चालायच्या फळ्यांवर माझं मत स्पष्ट आहे, स्टेन. पेंट वर पापुद्रा धरून बसतो, पाय, ऊन, पाणी यांनी तो फाटतो आणि मग खरवडून काढण्यात जीव जातो. स्टेन लाकडात मुरतो, फिका पडला की धुऊन वरून परत लावता येतो. त्यातही पारदर्शक असेल तर वर्षभरात उतरतो कारण रंगकण कमी असतात आणि उन्हातले अतिनील किरण अडवायचं काम ते कणच करतात. अर्धपारदर्शक साधारण दोन-तीन वर्षं आणि अपारदर्शक म्हणजे सॉलिड स्टेन तीन ते पाच वर्षं, पण सॉलिडचे सुद्धा कधीकधी पोपडे निघतात. पहिल्यांदा करत असाल तर अर्धपारदर्शक घ्या.

हवा १० ते ३२ अंश सेल्सिअसच्या मध्ये, पुढचे दोन दिवस पाऊस नाही, आणि डेकवर थेट रखरखीत ऊन नाही अशी वेळ धरा. एका वेळी दोन-तीन फळ्या घ्यायच्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरत्या करायच्या, मध्ये थांबलात तर जोडावर पट्टा उमटतो. रोलरने लावला तरी मागून ब्रशने आत घासायचा. टोकांना दोनदा पाजायचा. दहा-पंधरा मिनिटांनी वर जे काही तरंगत राहिलंय ते फडक्याने टिपून घ्या, जास्त लावला म्हणजे जास्त टिकेल असं होत नाही, चिकट राहतो फक्त.

आणि ती फडकी. तेलाच्या स्टेनची, विशेषतः जवसाचं तेल असलेल्या स्टेनची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर वाळताना ती आपोआप तापतात आणि पेट घेतात, कुणी काडी लावावी लागत नाही. घरं जळलीत यात. बाहेर एकेक सुटं पसरून पूर्ण वाळवा किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा.

कॉम्पोझिट म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेल्या फळ्या असतील तर पायरी ४ तुम्हाला लागूच नाही, साबणपाणी आणि मऊ ब्रश पुरे. पण त्यांच्या खालचा सांगाडा बहुतेक वेळा लाकडाचाच असतो, त्यामुळे पायरी १ मधून सुटका नाही.

पायरी ५: स्वतः काय, बाहेरून काय

झाडणं, धुणं, स्टेन, एखादी फळी किंवा स्क्रू बदलणं, हे थोडी हौस असेल तर घरी होतं. लेजर, बीम, खांब, फुटिंग, जिन्याचा सांगाडा, रेलिंगचे खांब, उंचावरचा डेक, यात हौस नको. वर पाण्याचा टब ठेवायचा विचार असेल तर इंजिनिअरशी बोलल्याशिवाय तर अजिबातच नको, १ लिटर पाणी म्हणजे १ किलो, हजार लिटरचा टब म्हणजे टनभर वजन, वर माणसं वेगळी.

आता तुमच्याकडे फोटो आहेत, त्यावरून कामांची यादी करा. "डेक दुरुस्ती" असं दोन शब्दांत नाही, तर घराजवळच्या तीन जॉइस्टची टोकं कुजलीत, पूर्वेकडच्या रेलिंगचे दोन खांब हलतात, लेजरवर फ्लॅशिंग दिसत नाही, सात फळ्या बदलायच्या, असं. ही यादी सगळ्यांना सारखीच द्यायची, नाहीतर तीन जणांची तीन कोटेशन येतात आणि तिघांनी वेगवेगळ्याच कामाची किंमत लावलेली असते, तुलना काय करणार.

पायरी ६: माणूस शोधणं

तीन तरी कोटेशन घ्या. शेजारीपाजारी ज्यांच्याकडे काम झालंय त्यांना विचारा, लाकडाच्या वखारीत किंवा हार्डवेअरच्या दुकानात विचारा, तिथल्यांना बरोबर माहीत असतं कोण चांगला माल नेतो आणि कोण सगळ्यात स्वस्त उचलतो. "इथून जातच होतो, तुमचा डेक दिसला, माल उरलाय, आज केलंत तर स्वस्तात" असं म्हणत जो दारात येतो त्याला नम्रपणे नाही म्हणा.

भेटीला आला की माझी पहिली परीक्षा अगदी साधी आहे. तो खाली वाकून बघतो का? डेकखाली शिरता येत असूनही जो वरूनच माप घेऊन आकडा सांगतो तो मला नको, मग आकडा कितीही चांगला असो. दुसरं, त्याला विचारा लेजरची फ्लॅशिंग तुम्ही कशी करता. ज्याला येतं तो हातवारे करून सांगायला लागतो, भिंतीच्या आवरणाच्या मागे अशी सरकवतो, लेजरवरून अशी खाली वळवतो, वगैरे. ज्याला येत नाही तो म्हणतो सिलिकॉन भरून टाकू. सिलिकॉन दोन-चार वर्षांत सुटतं आणि मग पाणी आत शिरतं ते बाहेर यायला वाट नाही.

बाकी विचारायच्या गोष्टी: लायसन्स लागत असेल तर आहे का, आणि नंबर घेऊन स्वतः पडताळून बघा. इन्शुरन्स दोन प्रकारचा, तुमच्या मालमत्तेचं नुकसान झालं तर आणि त्याचा कामगार पडला तर, दुसरा नसेल तर तो खर्च तुमच्या गळ्यात येऊ शकतो. कागद बघायला मागा आणि तारीख बघा. प्रत्यक्ष काम कोण करणार, तो स्वतः की तो दुसऱ्याला देणार. परमिट लागतं का आणि ते कोण काढणार, याची खात्री तुम्ही तुमच्या स्थानिक ऑफिसात फोन करून करा, "परमिटची गरज नाही हो" हे त्याच्या तोंडून ऐकून गप्प बसू नका, घर विकायच्या वेळी विनापरमिट काम आडवं येतं.

आणि जुनी कामं बघा, मागच्या महिन्यातली नाही, तीन-चार वर्षांपूर्वीची. नवा डेक सगळ्यांचाच छान दिसतो. त्या घरमालकाला एवढंच विचारा की नंतर काही बिघडलं तेव्हा फोन उचलला का.

सगळ्यात कमी आकडा आला म्हणून भुलू नका, आणि सगळ्यात मोठा म्हणजे चांगला असंही नाही. एक खूपच खाली असेल तर त्याने काय वगळलंय ते शोधा. बहुतेक वेळा जुना माल उचलून नेणं, फ्लॅशिंग, चांगले स्क्रू, यातलं काहीतरी असतं.

पायरी ७: कागद आणि पैसे

कितीही भला माणूस असला तरी तोंडी ठरवू नका, यात अविश्वास नाही, सहा आठवड्यांनी दोघांनाही काय बोललो ते आठवत नाही म्हणून. लेखी करारात लाकूड कुठलं आणि कुठल्या मापाचं, स्क्रू-हँगर कुठल्या धातूचे, स्टेन कुठल्या कंपनीचा आणि किती हात, सुरू कधी, संपणार कधी, पाऊस आला तर काय, कचरा कोण नेणार, वॉरंटी मजुरीवर किती आणि मालावर किती, हे सगळं हवं. फळ्या उचलल्यावर खाली अजून कुजलेलं निघालं तर काय, हेही आधीच लिहा, कारण ते निघतंच. एका जॉइस्टला शेजारी नवा जोडून बोल्ट करायचा दर किती, पूर्ण बदलायचा दर किती, हे आधी ठरलं की मध्येच वाद होत नाही. आणि वाढीव काम तुमच्या लेखी होकाराशिवाय सुरू करायचं नाही, मेसेजवरचा होकार सुद्धा चालेल पण लेखी.

अ‍ॅडव्हान्स थोडाच द्या, काही ठिकाणी किती घेता येतो यावर कायद्याने मर्यादा असते ती बघून घ्या. पुढचे हप्ते तारखेला नाही तर कामाच्या टप्प्याला जोडा: माल साइटवर आला, सांगाडा झाला, फळ्या बसल्या. शेवटचे निदान १० टक्के सगळं तपासून झाल्यावरच. पूर्ण रक्कम आधी, तीही रोख मागणारा असेल तर तिथेच थांबा. माल घेतलेल्या दुकानाचे पैसे त्याने चुकते केल्याची पावती मागा, काही देशांत कॉन्ट्रॅक्टरने पैसे बुडवले तर दुकानदार तुमच्या घरावर दावा लावू शकतो.

पायरी ८: काम चालू असताना

दिवसभर डोक्यावर उभं राहू नका, कुणालाच आवडत नाही आणि कामही नीट होत नाही. पण फळ्या बसवायच्या आधी एकदा मला बोलवा असं पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. तो क्षण सोडू नका. सांगाडा उघडा असताना फ्लॅशिंग, बोल्ट, हँगरच्या भोकांतले खिळे सगळं दिसतं, फोटो काढता येतात, एकदा वर फळ्या बसल्या की झाकली मूठ. त्याच वेळी जॉइस्टच्या डोक्यावर चिकट टेप लावून घ्या, ब्युटाइलची मिळते, स्क्रूच्या भोकातून खाली झिरपणारं पाणी ती अडवते. कापलेल्या टोकांना लाकडाचं औषध ब्रशने लावलंय का तेही बघा, कारण कारखान्यात मुरवलेलं औषध बऱ्याचदा लाकडाच्या गाभ्यापर्यंत जात नाही आणि कापल्यावर तो कोरा भाग उघडा पडतो. नवीन खांबांसाठी खड्डे खणायचे असतील तर जमिनीखालून वीज, गॅस, पाणी कुठून जातंय त्याच्या खुणा आधी करून घ्या.

काही खटकलं तर त्याच दिवशी बोला, शांतपणे, शक्यतो मुख्य माणसाशी, कामगारांवर आवाज चढवून काही होत नाही. उन्हात वाकून काम करणाऱ्या माणसांना पाणी, सावली आणि हात धुवायची जागा दिली, गाडी लावायची सोय केली की ती माणसं पण आपलं काम मनाने करतात हे मी दोन्ही वेळा बघितलंय.

काम संपलं की शेवटचा हप्ता द्यायच्या आधी पायरी १ आणि २ परत करा. तोच टॉर्च, तोच स्क्रूड्रायव्हर, रेलिंगला तोच धक्का. राहिलेलं लिहून द्या आणि ते झाल्यावर पैसे लगेच चुकते करा, ताटकळत ठेवू नका, पुढच्या वेळी तोच माणूस लागणार आहे.

नंतरचं वेळापत्रक

आठवड्याला झाडू. महिन्याला फटींकडे एक नजर. वर्षातून एकदा धुणं, आणि थेंबांची परीक्षा, थेंब मुरायला लागले की स्टेनची वेळ झाली. बर्फ पडत असेल तर प्लास्टिकचं फावडं, तेही फळ्यांच्या दिशेने, आणि मीठ टाकणं टाळा, ते हँगर आणि स्क्रू खातं. पावसाळी हंगामाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, वर्षातून दोनदा, खाली जायचं. मी मोबाइलमध्ये या दोन तारखांचा अलार्म लावून ठेवलाय आणि टॉर्च, स्क्रूड्रायव्हर आणि जुना शर्ट एका पिशवीत डेकच्या दाराशीच टांगून ठेवलाय.